जन्मवजन आणि पिढ्यानपिढ्यांचे आरोग्य : गर्भमूल सिद्धान्ताची चिकित्सा

सारांश

जन्मतः लहान असलेल्या अर्भकांना प्रौढपणी मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका अधिक असतो आणि हा धोका काही अंशी पुढील पिढीकडेही जातो, असे प्रतिपादन गर्भमूल सिद्धान्ताने केले आहे. इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदींवर उभारलेला हा सिद्धान्त पुणे, म्हैसूर, दिल्ली व मुंबई येथील अभ्यासांमुळे भारतीय संदर्भात तपासला गेला. प्रस्तुत लेखात या सिद्धान्ताची मांडणी, त्याचे पुरावे, त्यावरील प्रमुख आक्षेप आणि त्यातून निघणारा धोरणात्मक अर्थ यांची चिकित्सा केली आहे. जन्मवजन हे कारण नसून खूण आहे, ही बाब दुर्लक्षित राहिल्यास सिद्धान्ताचा सामाजिक आशय हरवतो आणि दोषाचा भार एकट्या मातेवर येतो, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : जन्मवजन, गर्भावस्थेतील पोषण, मधुमेह, आंतरपिढीय परिणाम, किशोरवयीन मुलींचे आरोग्य.

प्रस्तावना

जन्मसमयी २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या अर्भकास ‘कमी वजनाचे’ मानण्याची प्रथा आरोग्यशास्त्रात सर्वत्र रूढ आहे. या मर्यादेचा इतिहास मात्र फारसा ध्यानात घेतला जात नाही. फिनलंडमधील बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्पो यांनी १९१९ साली हा आकडा सुचविला, तो अकाली जन्मलेल्या अर्भकांची ओळख पटविण्यासाठी. अकाली जन्म आणि गर्भातील खुंटलेली वाढ या दोन भिन्न घटना आहेत, हे पुढे स्पष्ट झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये ‘अकाली जन्म’ व ‘कमी जन्मवजन’ या संज्ञा वेगळ्या केल्या. तरीही आकडा तोच राहिला. पूर्ण दिवस भरून २४०० ग्रॅम वजनाने जन्मलेले अर्भक आणि आठव्या महिन्यात तेवढ्याच वजनाने जन्मलेले अर्भक एकाच रकान्यात नोंदले जाते. भारतात २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वजन नोंदलेल्या अर्भकांपैकी सुमारे १८ टक्के अर्भके या रकान्यात येतात. या संख्येत दोन्ही प्रकारची अर्भके समाविष्ट आहेत.

दीर्घकाळ या प्रश्नाकडे केवळ अर्भकमृत्यूच्या दृष्टीने पाहिले गेले. कमी वजनाचे मूल जगले म्हणजे प्रश्न सुटला, अशी धारणा होती. ही धारणा बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने साउथॅम्प्टन येथील साथरोगशास्त्रज्ञ डेव्हिड बार्कर (१९३८-२०१३) यांच्याकडे जाते. त्यांच्या मांडणीची गुणवत्ता आणि मर्यादा या दोहोंचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिद्धान्ताची मांडणी

बार्कर व ऑस्मंड यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात इंग्लंड व वेल्समधील २१२ स्थानिक प्रशासकीय विभागांची तुलना केली होती. ज्या विभागांत १९२१-२५ या काळात अर्भकमृत्यूचे प्रमाण अधिक होते, त्याच विभागांत १९६८-७८ या काळात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. हृदयविकार हा सुबत्तेचा रोग आहे, हा तत्कालीन समज होता. तो रोग गरीब विभागांत अधिक का, या प्रश्नाचे उत्तर बार्कर यांनी त्या माणसांच्या बालपणात व त्याही आधीच्या काळात शोधले.

विभागांच्या तुलनेवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप उघड होता. त्याचे निराकरण हर्टफर्डशायर परगण्यातील नोंदवह्यांमुळे शक्य झाले. एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली तेथील आरोग्यसेविका १९११ पासून प्रत्येक अर्भकाचे जन्मवजन व एक वर्षाचे वजन नोंदवीत असत. या नोंदींच्या आधारे १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५६५४ पुरुषांचा मागोवा घेण्यात आला. जन्मसमयी व वर्षअखेरीस ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वाधिक आढळले. हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये त्याला शरीरक्रियेचे स्पष्टीकरण दिले. गर्भाला अन्न अपुरे पडले की तो मेंदूची वाढ राखतो आणि स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो. अशी काटकसरी प्रकृती टंचाईच्या जगण्यात चालून जाते, पण पुढे मुबलक अन्न मिळू लागले की तीच मधुमेहाला वाट करून देते. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ‘काटकसरी जनुका’च्या कल्पनेला हा पर्याय होता. नील यांच्या मते काटकसर वंशपरंपरेने आलेली होती. हेल्स-बार्कर यांच्या मते ती गर्भाशयातील परिस्थितीने घडविलेली होती. सामाजिक दृष्ट्या हा फरक मोलाचा आहे, कारण जनुके बदलता येत नाहीत, परिस्थिती मात्र बदलता येते.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. हर्टफर्डशायरच्या मूळ अभ्यासात जन्मवजनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व एक वर्षाच्या वजनाला होते. सिद्धान्त जसजसा प्रसिद्धी पावला, तसतसे पहिले वर्ष मागे पडले आणि ‘गर्भ’ तेवढा पुढे राहिला. सिद्धान्ताच्या नावातच त्याचे संकुचित रूप स्थिर झाले.

आक्षेप व त्यांचे मूल्य

सिद्धान्तावरील आक्षेप मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला आक्षेप संख्याशास्त्रीय आहे. हक्स्ली, नील व कॉलिन्स यांनी २००२ मध्ये जन्मवजन व रक्तदाब यांविषयीचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. लहान अभ्यासांत संबंध ठळक दिसत होता. तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासांत मात्र जन्मवजनातील एक किलोच्या फरकामागे रक्तदाबातील फरक सुमारे ०.६ मिलिमीटर इतकाच उरत होता. अनुकूल निष्कर्षांचे लहान अभ्यास अधिक छापले जातात, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण असे की अनेक अभ्यासकांनी सध्याचे वजन समान धरून हिशेब केला होता. ल्यूकस, फ्यूट्रेल व कोल यांनी १९९९ मध्येच दाखवून दिले होते की, आजचे वजन समान धरले म्हणजे जन्मवजनाचा आकडा प्रत्यक्षात दोन वजनांमधील बदल मोजतो. जन्मतः लहान आणि आज इतरांएवढा, याचा अर्थ मधल्या काळात वेगाने वाढलेला. दोष लहान जन्मण्यात आहे की वेगाने वाढण्यात, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

दुसरा आक्षेप कार्यकारणाचा आहे. हॅटर्सली व टूक यांनी १९९९ मध्ये असा पर्याय मांडला की, इन्शुलिन हे गर्भाच्या वाढीचे संप्रेरक असल्याने ज्या जनुकीय भेदांमुळे इन्शुलिनचे स्रवण वा कार्य मंदावते, तेच जनुकीय भेद जन्मवजन कमी करतात आणि पुढे मधुमेहही घडवितात. या मांडणीत पोषणाला दुय्यम स्थान आहे. काही कुटुंबांत हे स्पष्टीकरण खरे ठरले आहे. तथापि दुष्काळांच्या अभ्यासातील सर्व निष्कर्ष त्याने उलगडत नाहीत.

तिसरा आक्षेप या दुष्काळांच्या अभ्यासांतूनच निर्माण होतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली घसरला. त्या काळात गर्भावस्थेत असलेल्यांची पुढे अनेक दशके पाहणी झाली. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत उपासमार झालेली अर्भके वजनाने लहान जन्मली. परंतु ज्यांची उपासमार सुरुवातीच्या महिन्यांत झाली, त्यांचे जन्मवजन सर्वसाधारण होते; तरीही त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजेच गर्भाला झालेली इजा जन्मवजनात उमटेलच असे नाही. याउलट १९४१ ते १९४४ या काळात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमधील गर्भांचा अभ्यास स्टॅनर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा गर्भावस्थेतील उपासमार व प्रौढपणीची ग्लुकोज-सहनशीलता यांत संबंध आढळला नाही.

या विसंगतीचे एक स्पष्टीकरण देण्यात येते. डच मुले १९४५ च्या मे महिन्यानंतर लवकरच सुस्थितीत वाढली, तर लेनिनग्राडची मुले युद्धानंतरही टंचाईतच राहिली. त्यामुळे गर्भावस्थेतील ‘अपेक्षा’ व नंतरचे जगणे यांत तेथे विजोड निर्माण झाला नाही. ग्लुकमन व हॅन्सन यांनी विस्ताराने मांडलेली ही विजोडाची कल्पना आकर्षक आहे. मात्र जी कल्पना रोग झाला तरी खरी ठरते आणि रोग झाला नाही तरीही खरी ठरते, तिची कसोटी कशी घ्यावयाची, हा प्रश्न उरतो. पुण्यातील जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी उत्क्रांतीच्या अंगाने काटकसरीच्या संपूर्ण तर्कावरच शंका घेतली आहे. गर्भाने नऊ महिन्यांच्या अनुभवावरून पन्नास वर्षांचे भाकीत करावे आणि ते निवडीच्या दाबाखाली टिकून राहावे, यासाठी लागणारी परिस्थिती फार विरळ आहे, असा या विचाराचा रोख आहे. विशेष म्हणजे वाटवे यांनी २००७ मध्ये चित्तरंजन याज्ञिक यांच्या सहकार्यानेच इन्शुलिन-प्रतिरोधाचे पर्यायी, वर्तनाशी निगडित स्पष्टीकरण मांडले होते. पुरावा गोळा करणारा संशोधक व सिद्धान्ताचा टीकाकार एकत्र लिहितात, ही या क्षेत्रातील निकोप बाब म्हणावी लागेल.

भारतीय पुरावा

सिद्धान्ताची खरी परीक्षा भारतात झाली, असे म्हणण्यास आधार आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासात चार वर्षे वयाच्या मुलांमध्येच जन्मवजन व इन्शुलिन यांचा संबंध दिसला. तीच मुले आठ वर्षांची झाल्यावर असे आढळले की, इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता तो जन्मतः लहान पण आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांत. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासाने पुढचा टप्पा गाठला. या गावांतील माता सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या व १५२ सेंटिमीटर उंचीच्या होत्या. त्यांच्या अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउथॅम्प्टनमधील अर्भकांचे सुमारे ३.५ किलो होते. तथापि पाठीवरील त्वचेच्या घडीची जाडी, म्हणजे त्वचेखालील चरबी, तितक्या प्रमाणात कमी नव्हती. स्नायू व पोटातील अवयव लहान, पण चरबी राखलेली, अशा या अर्भकाला ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ असे संबोधले गेले. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध करून हा मुद्दा प्रौढांबाबत स्पष्ट केला. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती.

या निष्कर्षाचे महत्त्व असे की, तो वजनकाट्यावरील विश्वासालाच बाधा आणतो. पुणे अभ्यासातील मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मी मुले-मुली रूढ निकषांनुसार कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली ग्लुकोज-असहनशील होत्या, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदविले आहे. कुपोषण आणि मधुमेह हे येथे दोन भिन्न वर्गांचे रोग राहत नाहीत. एकाच शरीरात ते एकत्र नांदतात.

भारतीय पुरावा सर्वत्र एकसारखा नाही, हेही नमूद केले पाहिजे. म्हैसूर येथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात हृदयविकाराचा संबंध कमी जन्मवजनाशी आढळला. परंतु मधुमेह मात्र लांबीने आखूड आणि त्या मानाने जड असलेल्या अर्भकांत पुढे अधिक दिसला. मातेची गर्भावस्थेतील रक्तशर्करा हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. दिल्लीतील जन्मगटाच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत बारीक असलेली व त्यानंतर बारा वर्षांपर्यंत आपल्या सोबत्यांच्या तुलनेत झपाट्याने भरत गेलेली मुले तरुणपणी ग्लुकोज-असहनशील झालेली आढळली. यांपैकी अनेक मुले रूढ अर्थाने लठ्ठ नव्हती. भारत, ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपिन्स व दक्षिण आफ्रिका येथील पाच जन्मगटांच्या एकत्रित विश्लेषणातून असा विवेक करता आला की, पहिल्या दोन वर्षांतील वाढ उंची व शालेय शिक्षणाला पोषक ठरते, तर त्यानंतरची उंचीच्या मानाने वेगाने होणारी वजनवाढ धोक्याची ठरते. बाळसे धरण्याचे वय आणि पुढील वय यांतील हा फरक पालकांना व अंगणवाडी कार्यकर्त्यांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

आंतरपिढीय परिणाम : दावा आणि पुरावा

‘परिणाम पिढ्यानपिढ्या जातो’ हे विधान वारंवार केले जाते. परंतु त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, मातेच्या शरीराची मर्यादा. वॉल्टन व हॅमंड यांनी १९३८ मध्ये शायर व शेटलँड या आकाराने अत्यंत भिन्न घोड्यांचा संकर केला, तेव्हा शिंगराचा जन्माचा आकार मादीच्या आकारानुसार ठरतो असे दिसले. लहान जन्मलेली मुलगी खुजी राहते, तिचे गर्भाशय व तिची पोषणक्षमता मर्यादित राहते आणि तिचे मूलही लहान जन्मते. दुसरी, बीजकोशांची जडणघडण. मुलीच्या अंडाशयातील बीजपेशी ती स्वतः गर्भात असतानाच तयार होतात. त्यामुळे गर्भवतीच्या उपासमारीचा स्पर्श एकाच वेळी तीन पिढ्यांना होतो. तिसरी, जनुकांवरील रासायनिक खुणांचे वहन. हेमन्स व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डच दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांत सहा दशकांनंतरही एका वाढ-जनुकावरील मिथिल खुणा कमी असल्याचे दाखविले. मात्र हा फरक अल्प होता आणि त्याच व्यक्तींच्या रक्तात मोजलेला होता. पुढील पिढीकडे त्याचे वहन होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तिसऱ्या प्रकाराचा मानवी पुरावा अद्याप तोकडा आहे. डच दुष्काळाच्या तिसऱ्या पिढीविषयी २००८ मधील अभ्यासात गर्भावस्थेत उपासमार झालेल्या स्त्रियांची मुले जन्मतः अधिक चरबीयुक्त आढळली; २०१३ मधील अभ्यासात मात्र प्रौढ वयातील अधिक वजन अशा पुरुषांच्या अपत्यांत आढळले, स्त्रियांच्या नव्हे. उंदरांबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. आनंदवर्धन हर्डीकर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही त्यांच्यातील चयापचयाचे दोष नाहीसे झाले नाहीत. परंतु या निष्कर्षाचा मानवी समाजासाठी ‘आता काही उपाय नाही’ असा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात बालकांना पूरक आहार देण्यात आला होता. ज्या मुलींना प्रथिनयुक्त आहार मिळाला होता, त्यांच्या अपत्यांचे जन्मवजन तुलनागटापेक्षा ११६ ग्रॅमने अधिक आढळले. एका पिढीच्या बालपणातील आहार दुसऱ्या पिढीच्या जन्मात दिसून आला. ज्याला वारसा समजले जाते, त्यातील मोठा भाग प्रत्येक पिढीत नव्याने लादल्या जाणाऱ्या दारिद्र्याचा असतो, हे या प्रयोगावरून ध्यानात येते.

सामाजिक अर्थ आणि धोरण

सिद्धान्ताच्या प्रसारात एक विपर्यास घडला. ‘गर्भावस्थेत आयुष्याचे आरोग्य ठरते’ या वाक्याचा ‘आईच्या वागण्याने अपत्याचे आरोग्य ठरते’ असा अनुवाद प्रसारमाध्यमांनी सहज केला. ‘नेचर’मधील २०१४ च्या एका लेखात रिचर्डसन व सहलेखकांनी ‘मातांना दोष देऊ नका’ असा स्पष्ट इशारा दिला. भारतीय परिस्थितीत हा इशारा अधिकच लागू पडतो. पुणे अभ्यासात गर्भवतींचा दैनिक आहार सुमारे १८०० किलोकॅलरींचा होता. एकूण कॅलरी व प्रथिने यांचा अर्भकाच्या आकाराशी ठळक संबंध आढळला नाही. तो आढळला हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी. त्याच अभ्यासात शेतकाम, पाणी आणणे यांसारख्या कष्टाचा भार जितका अधिक, तितके अर्भक लहान, असेही दिसले. दूध डेअरीला जाते, फळ बाजारात जाते आणि पाणी विहिरीवरून आणावे लागते. या तिन्ही गोष्टी गर्भवतीच्या इच्छेवर अवलंबून नाहीत. घरातील पुरुष व वडीलधारी माणसे, गावातील पाणीपुरवठा, मजुरीचे दर आणि जेवणाच्या पंक्तीतील शेवटचे स्थान यांवर त्या अवलंबून आहेत.

पोषकद्रव्यांच्या गोळ्यांविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. पुणे अभ्यासातील सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांत फोलेट अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या अपत्यांत इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. हा निरीक्षणात्मक पुरावा आहे. त्यावरून मज्जारज्जूचे दोष टाळणारी फोलिक आम्लाची गोळी बंद करावी, असा अर्थ निघत नाही. एका द्रव्याची भरती करताना दुसऱ्याच्या उणिवेकडे डोळेझाक करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मुंबईतील झोपडपट्टीत झालेल्या मातृपोषण प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून रोज देऊनही सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनात लक्षणीय वाढ झाली नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत ती ४८ ग्रॅम होती. अतिशय कृश मातांच्या अर्भकांना तर लाभ दिसला नाही. तो सुस्थितीतील मातांच्या अर्भकांना झाला. सिद्धान्ताच्या उत्साही समर्थकांसाठी हा निष्कर्ष अडचणीचा आहे आणि म्हणूनच महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षांची झीज काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, असे तो सुचवितो. याच प्रयोगात गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण मात्र खाऊ घेणाऱ्या गटात कमी आढळले. वजनकाट्यावर न दिसणारा लाभही लाभच असतो, हे यावरून दिसते.

या पार्श्वभूमीवर शासकीय योजनांकडे पाहता एक उणीव स्पष्ट जाणवते. १९७५ ची एकात्मिक बालविकास सेवा योजना, महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे सकस भोजन देणारी अमृत आहार योजना आणि २०१७ पासूनची प्रधानमंत्री मातृवंदना योजना या सर्वांचा लाभ गर्भावस्थेची नोंद झाल्यावर सुरू होतो. तोपर्यंत पहिले दोन-तीन महिने, म्हणजे डच अभ्यासातील सर्वांत नाजूक काळ, उलटून गेलेला असतो. किशोरवयीन मुलींसाठीची तरतूद २०२१ नंतर १४ ते १८ वयोगटापुरती आणि आकांक्षित जिल्हे व ईशान्येकडील राज्ये यांपुरती मर्यादित झाली आहे. पुणे अभ्यासातील मुलामुलींवरच किशोरवयात ब-१२ पूरक देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला, त्यामागील तर्क नेमका हा होता की, गर्भवती होईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे. मुलांनाही त्यात सामावून घेतले, ही बाबही उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष

गर्भमूल सिद्धान्ताने प्रौढांच्या रोगांचे मूळ त्यांच्या सवयींपलीकडे शोधण्यास भाग पाडले, हे त्याचे स्थायी योगदान होय. काटकसरीच्या व विजोडाच्या उत्क्रांतिवादी स्पष्टीकरणांवरील आक्षेप मात्र पुरेसे सबळ आहेत आणि मनुष्यात जनुकबाह्य वारशाचा दावा अद्याप सिद्ध झालेला नाही. जन्मवजन ही गर्भातील परिस्थितीची एक ढोबळ खूण आहे. ती खूण नसतानाही इजा झालेली असू शकते आणि ती सुधारल्याने इजा भरून निघतेच असे नाही. त्यामुळे केवळ २५०० ग्रॅमच्या मर्यादेवर लक्ष ठेवणारे धोरण अपुरे पडते.

लहान जन्मलेल्या व्यक्तीच्या आरोग्याचा प्रश्न तिच्या आईच्या बालपणापासून सुरू होतो. शाळकरी मुलीच्या ताटातील दूध व भाजी, तिचे लांबणीवर पडलेले लग्न, तिच्या डोक्यावरून उतरलेला हंडा आणि लहान जन्मलेल्या मुलाची तिशीपूर्वीच होणारी रक्तशर्करेची तपासणी, या गोष्टी एकाच धोरणाचे भाग म्हणून पाहिल्या जाणे आवश्यक आहे. आरोग्यशास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विद्याशाखांच्या अध्यापकांना संयुक्त अभ्यासासाठी यात मोठा वाव आहे. महाविद्यालयांत दाखल होणारे अठरा वर्षांचे विद्यार्थी हे पुणे अभ्यासातील युवकांच्याच वयाचे असतात, ही गोष्टही या संदर्भात विसरता येणार नाही.